कलम तेरा, पोटकलम चार

आमच्या गावाच्या पोटात दोन नळ आहेत.
एक संडास-मोरीचा, तो शुद्धीकरणाला जातो.
दुसरा पावसाचा, तो सरळ खाडीत.
मध्ये ना गाळणी, ना पहारेकरी.
फक्त मी,
पिवळं जाकीट, काखेत फाइल,
आणि लोकांच्या कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं.

कलम तेरा, पोटकलम चार:
पावसाच्या गटारात पावसाखेरीज काहीही सोडू नये.
वाक्य एवढंच.
खाली दोन पानं त्या "काहीही"ची यादी.
साबण. रंग. रेडिएटरचं गोडसर हिरवं पाणी.
गालिचा पिळल्याचं पाणी. कुत्र्याची शी.
कापलेलं गवतसुद्धा.
"गवत तर देवाचं ना?" पास्टर डगन म्हणाले.
म्हटलं, देवाचंच, पण कुजताना माशांचा श्वास खातं.
त्या रविवारी प्रवचनात त्यांनी माझं नाव न घेता
माझ्याबद्दल बरंच सांगितलं.

अठरा वर्षं.
एस्तेबान किरोझ रंगाचे ब्रश जाळीवर धुताना सापडला,
त्याला दंड नाही केला, एक बादली दिली.
शाळेच्या पोरांना घेऊन दर जाळीशेजारी
एक निळा मासा रंगवला मी, साचा धरून,
खाली अक्षरं: इथून थेट खाडीत.
चारशे बारा मासे.
काहींवरून रोज ट्रक जातात.

आणि तरी ऑक्टोबरात, ओढ्याला पाणी चढलं
की कोहो मासे समुद्रातून घरी येतात,
आणि पुलाच्या खाली गोल गोल फिरून
तोंड उघडं टाकून मरतात,
माद्यांच्या पोटात अंडी जशीच्या तशी.
टायर झिजतात त्यांची धूळ आहे ती.
टायरसाठी माझ्याकडे कलम नाही.
मीही गाडीनेच जाते तिथे, मेलेले मोजायला.

तर, या ऑगस्टची गोष्ट.
सदतीस दिवस थेंब नाही
आणि सात नंबरच्या तोंडातून पाणी येतंय.
बारीक धार, वर फेस, लिंबाचा वास.
कोरड्या दिवसांत वाहणारं पाणी
म्हणजे कुणीतरी खोटं बोलतंय.

धोबीखान्यात गेले. मिसेस तामुरांनी
सगळ्या पावत्या काढून टेबलावर आपटल्या.
बिअरवाल्या पोरांनी आधी वकिलाचं नाव सांगितलं, मग चव बघायला ग्लास पुढे केला.
किरोझकडे गेले.
तो काही बोलला नाही, नुसती बादली दाखवली.
तीच.
मला खाली बघावं लागलं.

मग मॅनहोलमागून मॅनहोल, वरच्या अंगाला,
झाकण उचल, वाक, ऐक.
सीडर रस्ता कोरडा. शाळेचा फाटा कोरडा.
ओलं होतं ते एकच,
नगरपालिकेच्या इमारतीखालचं.

जिन्याखाली एक सिंक आहे,
फरशीचं फडकं पिळायचं.
मी त्यात हिरवा रंग ओतला, नळ सोडला,
आणि टेकडी उतरून खाडीवर जाऊन बसले.
अकराव्या मिनिटाला
सात नंबरने जीभ बाहेर काढली:
हिरवीगार.

एकोणीसशे एकसष्टचा कुणी प्लंबर,
अंधारात दोन नळांतला चुकीचा निवडून
जेवायला गेला असेल.
त्याला कुठे शोधू?
फॉर्म घेतला. नियम मोडणाऱ्याचं नाव: नगरपालिका.
तपासनीस: मारित ओल्ग्रेन.
दुरुस्तीची मुदत: तीस दिवस.
सही केली, आणि सही करतानाच आठवलं
की माशांचे ते चारशे बारा निळे रंग,
दरवर्षीचे, साचे, ब्रश, पोरांचे हात,
मी कुठे धुवत आले होते.

किरोझला सांगितलं तेव्हा तो फार वेळ हसला.
मग म्हणाला, बादली हवी तर ट्रकमध्ये आहे.

यंदाचा ब्रश माझ्या खिडकीत पडलाय.
ताठ झालाय, निळा,
धुतलेला नाही अजून.