व्हिएन्ना, मार्गे अजब बंगला

सकाळी साडेआठला सोनकुसरे सर
इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात गोळीबार चौकात उभे,
हातात छत्री. फेब्रुवारीत.
"पाऊस नाही जी," मी म्हटलं.
"व्हिएन्नाचं सांगता येत नाही," सर म्हणाले.

अडतीस वर्षं त्यांनी आम्हाला व्हिएन्ना शिकवलं
एका जुन्या कॅलेंडरवरून.
अकरा चित्रं; ऑक्टोबर कुणीतरी फाडून नेलेला.
तिथल्या संग्रहालयाला पायऱ्या किती,
कुठल्या दालनातून बाहेर पडलं की कॉफीचा वास येतो,
सगळं पाठ. गेले नव्हते कधी.
पासपोर्ट निघाला तोवर
दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग बसले,
कडेकडेचं जग तेवढं उरलं.

"पोहे आधी.
उपाशीपोटी संग्रहालयात गेलं
की मूर्ती खाव्याशा वाटतात."
ठेल्यावरच्या पोराला म्हणाले, "तर्री कडेनं सोड,
मधे सोडशील तर मला दिसणार नाही."
पोरगं थबकलं. मग फार जपून
पिवळ्या पोह्यांभोवती लाल किनार ओढली त्यानं,
सरांचे वडील मागावर काढायचे
तशी, अखंड.

अजब बंगल्यात माझं काम सांगायचं.
दगडी विष्णूपाशी मी म्हटलं, "शांत आहे."
"शांत हा रंग आहे का? दगड सांग."
"तव्यासारखा. गुडघा तेवढा गुळगुळीत,
शाळेच्या सहलींचे हात लागून लागून."
"हं. आता आली मूर्ती."

पेंढा भरलेल्या वाघापुढून मात्र तडक निघाले.
"याला ओळखतो मी. डावा कान चुकलाय.
एकाहत्तर सालापासून चुकलाय."

चित्रदालनात खुर्चीवर चौकीदार, उईके,
मांडीवर अर्धा उघडा डबा, मेथीचा वास.
भिंतीवर एक बाई, नाव नाही.
मी सुरू केलं: हिरवं लुगडं, नथ, मागे अंधार.
सर मान तिरपी करून
कोंबडा पाहतो तसे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होते.
"हात?"

हाताकडे मी पाहिलंच नव्हतं.
आठवीतही हेच. माझ्या चित्रांतल्या
सगळ्या बायकांचे हात पदराआड.
"तू पाहून राहिली की नुसती बोलून राहिली?"

"मांडीवर आहे. उताणा.
काहीतरी जड नुकतंच खाली ठेवल्यासारखा.
बोटाला चीर पडलीय... नाही, रंगाला तडा गेलाय."
"बोटाला की रंगाला?"
"सांगता येत नाही, सर."
"मग बरं काढलंय."

उईके डबा बाजूला ठेवून आले.
"कोपऱ्यात मांजर बी आहे," म्हणाले.
"कोणाले दिसत नाही. मले दिसाले सहा वर्षं लागले."
खरंच होतं. अंधारात बसलेलं, अंधाराच्याच रंगाचं.
सर इतके खूश झाले
की उईकेंच्या डब्यातली मेथी त्यांनी मागून खाल्ली.

दुपारी इतवारीतली सावजी खानावळ,
डुगडुगणारं टेबल, मटणाची वाटी.
दुसऱ्या घासाला सरांच्या डोळ्यांतून धारा.
"पाहा, अजून चालतात," म्हणाले.
सदऱ्यावर थेंब पडला. मी पाण्याचा ग्लास उचलला,
त्यांनी मनगट धरलं.
"पुसू नको. आधी आकार सांग."
"संत्र्याच्या फोडीसारखा."
"बी आहे?"
"आहे. लवंगेचा तुकडा."

आणि का कोण जाणे, तिखटानंच असेल,
मी म्हटलं, "ऑक्टोबर मी फाडला होता, सर."

सर नळी चोखायचे थांबले नाहीत.
शेजारच्या टेबलावर कुणीतरी भाकरी मागितली,
ती आली, संपलीही.
"आहे अजून?"
"आहे. ट्रंकेत, वहीत घालून."
"घेऊन ये मग रविवारी," बोटं पुसत सर म्हणाले.
"पूर्ण सांगायचं. हातांपासून सुरू कर.
अर्धा दिवस जाईल."
छत्री चाचपत उठले, दारात थांबले.
"पोहे आधी."