उघडा कंस

रात्री दोन दहा. सातपूरच्या ऑफिसात
मी आणि २७१९.
बाहेर सहा अंश. निफाडकडं म्हणे चार,
बागांतून शेकोट्या पेटवल्यात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.

ओझरच्या कोल्ड स्टोरेजमधून बोरस्त्यांचा तिसरा फोन:
"मॅडम, काट्याचा प्रोग्राम मेला. मारा आणि नवा लावा.
गेटवर अकरा पिकअप उभ्यात, द्राक्षं थांबतात का?"

मेलाय तर मारू कसा?
आणि यादीत आहे की. नावापुढं एस,
म्हणजे झोपलाय.

एसट्रेस लावला, बंद दाराला कान लावावा तसा.
बराच वेळ काही नाही. मग एकच ओळ:
रीड, कंस उघडला, तीन, स्वल्पविराम
आणि पुढं नुसती कर्सरची लुकलुक.
कंस मिटत नाही.
"हं, सांग," म्हणून कुणी कागद-पेन घेऊन बसावं
आणि समोरच्यानं बोलूच नये.

तीन म्हणजे कोण?
एलएसओएफनं त्याचे खिसे टेबलावर उलटे केले, चौकीत करतात तसे:
तीन, काट्याची वायर.
चार, आजच्या वजनांची फाइल. तिच्यापुढं शब्द: डिलीटेड.

थंडी खरी इथं वाजली.
बाराच्या ठोक्याला साफसफाईची स्क्रिप्ट येते.
मीच लिहिलेली, दिवाळीत, घाईघाईत.
तिनं नाव पुसलं, यानं मूठ सोडली नाही.
आता त्या फाइलला दुसरा पत्ताच नाही
आणि बोरस्ते म्हणतायत, मारा.

प्रॉक, २७१९, एफडी, चार. कॉपी.
एकोणचाळीस गाड्या निघाल्या.
गेटवरची वही म्हणते एक्केचाळीस.
दोन अजून याच्या गालात असणार, लिहायच्या राहिलेल्या;
नऊ नंबरचा सिग्नल टाकला तर गिळूनच जाईल.

म्हणून वायरीच्या दुसऱ्या टोकाला फोन लावला.
"पुंजाराम, काट्याच्या डब्याचा दिवा लागलाय का?"
नुसता श्वास ऐकू येतो. मग:
"ताई, शेगडीची पिन लावली तिथं. बोटं वळंना."
रागवायला तोंड उघडलं होतं.
पण मघापासून मीही एकेक अक्षर दोनदा टाइप करत होते.
"काढ. काट्याची लाव. आणि कशाचं तरी वजन कर."
"डायवर झोपल्यात सगळे."
"मग तू चढ."

कंस मिटला.
लगेच राइट, चार:
चाळिसावी गाडी, एक्केचाळिसावी,
आणि बेचाळिसावी ओळ. गाडी नंबर रिकामा,
साठ किलो, घोंगडीसकट.

पुन्हा कॉपी.
फोनवर गेट उघडल्याचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी शिवी देतंय.
सकाळी ती साठ किलोची ओळ काढायचीय.
त्याआधी स्क्रिप्टमधली माझी.
त्याच्याही आधी चहा. सीबीएसवर एक गाडी असते या वेळेला,
असली तर.