चोविसास एक

आधी ही घ्या हातात. ओतीव.
जड आहे ना? किलोभर भरते.
दारं उघडतात, डिकी उघडते,
स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात.
भाच्याने मागवली, पारदर्शक खिडकीच्या खोक्यात,
तळाला चार स्क्रूंनी जखडून,
जणू वाटेत पळूनच जाणार होती.
अठरास एक.

आणि ही दुसरी. सांभाळून, आरसा नुसता चिकटवलाय.
हिचं काहीच उघडत नाही.
तारवटी कायतानने योकोहामाहून आणली, सुटी,
एकशे बेचाळीस तुकडे प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले.
बदल्यात मी त्याच्या आईची वरची कवळी
फुकट करून दिली.
दात बनवणं हाच माझा धंदा, म्हापशाच्या बाजारामागे.
टपांचा सांधा मी दाताच्याच कानशीने घासला,
नंबरप्लेटचं चित्र बशीतल्या पाण्यात भिजवून सोडवलं,
आणि आठ दिवस घरात
जेवणालाही गोंदाचा वास.

सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल.
रायबंदरच्या धक्क्यावरून सुटलेल्या फेरीबोटीवर
गाडी उडी मारते, ती.
पाट्या टाकून पळणाऱ्या मासळीवाल्या खऱ्या होत्या,
त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.
पडद्यावर चार सेकंद.

आदल्या रात्री ती गाडी माझ्या वडिलांनी रंगवली.
दुलबा पेंटर. पणजीत दुकानांच्या पाट्या करायचे.
पेट्रोमॅक्सच्या उजेडात, डास मारत,
लाल रंगात पिवळा थोडा थोडा ओतत,
काजूचं बोंड पिकून
एक दिवस झाडाखाली पडून राहिलं की होतो
तो रंग येईपर्यंत.
आता हिच्याकडे बघा. हा बंबाचा लाल.

आणि तेवढंच असतं तर मी बोललोही नसतो.
कंपनीचा माणूस म्हणाला होता,
कॅमेरा डावीकडे आहे, डावीच रंगव.
पैसेही अर्ध्याच गाडीचे.
उजवी बाजू राहिली होती तशी,
करडी, भाड्याची, दारावर गंजाचा नकाशा.
चौथ्या दिवशी तीच गाडी दिवाडीच्या लग्नाला गेली.
नवऱ्याकडच्यांना सिनेमाची दिसली,
नवरीकडचे म्हणाले, हीच मिळाली का?

ओतीव गाडी दोन्हीकडून लाल आहे.
भाचा म्हणतो, मामा, पलीकडून बघतंय कोण?
तेच तर. कंपनीचा माणूसही हेच म्हणाला होता.
ह्या प्लास्टिकच्या गाडीला मी डावीकडे सात हात दिले,
प्रत्येक हातामध्ये एक रात्र वाळवत,
आणि उजवीकडे अस्तराचा करडा तसाच ठेवला.
येणारे जाणारे म्हणतात, बाकीची कधी पुरी करणार?
सुलक्षणा धूळ पुसताना उलटी ठेवते,
तेव्हा शेल्फवर एक भाड्याची गाडी उभी असते,
कुणाच्याच ओळखीची नसलेली.

वडिलांनी सिनेमा एकदाच पाहिला, म्हापशात,
मधल्या वर्गात, मला शेजारी बसवून.
फेरीबोट आली. उडी आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.
वडील दाराकडे बघत होते.
बाहेर आल्यावर सोडा पीत म्हणाले,
ब्रशाचा एक केस राहिला रे रंगात,
मुठीच्या खाली. दिसला तुला?
मला नव्हता दिसला.
मी हो म्हणालो.

तेव्हापासून,
म्हणजे किट आल्यापासून म्हणा,
मी खारीच्या शेपटीचा ब्रश घेऊन बसतो,
भिंगाखाली एकेक केस उपटून बघतो.
दाराला लावला की दोरखंड वाटतो.
कायतानला सांगून ठेवलंय.
तो विचारतो, नेमकं काय आणू?
आणि मला दुकानदाराला सांगता येईल असं
नाव सुचत नाही.

ठेवा आता. नाही, अशी नको.
बरं, राहू द्या आज. करडी बाजू पुढे.