बर्फ सुरक्षित आहे

टाइवो खाडीवरून परतलाय.
बुटांवरचं बर्फ पायपुसण्यावर झटकत सांगतो:
सव्वीस सेंटिमीटर, सगळीकडे.
भेगेपाशी चोवीस.
मी आकडे वेबसाइटवर चढवते.
रस्ता उघडा. हीउमा बेटापासून किनाऱ्यापर्यंत,
समुद्रावरून, पट्टा न बांधता, मध्ये कुठे न थांबता.

फोन वाजतो. कासारीच्या हेल्यूबाई.
"अगं, तुमच्याच पानावर लिहिलंय, सुरक्षित नाही. लाल अक्षरांत."
ते बर्फाबद्दल नाही हो, पानाबद्दल आहे.
"म्हणजे पानाखाली पाणी?"

जुना दाखला काल रात्री बाराला संपला.
नवा विकत घेतलाय, पावती आहे,
ईमेलमधून तीन फायली आल्या आहेत.
पण अर्ज एल्मारचा होता, ऑक्टोबरातला.
किल्ली त्याने घडवली, सर्व्हरच्या पोटात पुरली,
वर कुलूप घातलं
आणि नाताळाच्या महिनाभर आधी
लाकडं फोडता फोडता गेला.
दाखला त्या एका किल्लीशीच बोलणार.
दुसरी घडवली तर पुन्हा अर्ज, पुन्हा आठवडा,
आणि बर्फ आठवडाभर थांबेलच असं नाही.

मी पासवर्ड शोधते.
बोटीचं नाव. कुत्र्याचं नाव.
बायकोचं. मग, जरा संकोचून, दुसऱ्या बायकोचं.
जन्मसाल सुलटं, जन्मसाल उलटं.
जावा दर वेळी तेच सांगते, न चिडता:
पेटीशी कुणी छेडछाड केली आहे, किंवा पासवर्ड चुकला आहे.
मेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून
दोन्ही आरोप मान्य करावेसे वाटतात.

साडेसातला, कॉफी संपल्यावर,
तो शब्द आठवतो जो टॉमकॅट न सांगता धरून चालतो,
कोऱ्या पेटीवर तात्पुरता लावायचा:
चेंजइट.
म्हणजे, हा बदल.
पेटी उघडते.

कॉफीच्या डब्यालासुद्धा चिठ्ठी लावणारा एल्मार,
आम्हाला दर तीन महिन्यांनी
नवा पासवर्ड घ्यायला लावणारा एल्मार.
मी एकटीच मोठ्याने हसले.
हसू ओसरल्यावरही
हात कीबोर्डवरच राहिले बराच वेळ.

मग घाई केली आणि चुकले.
दाखला आत घातला, स्वतःच्या मनाने नाव देऊन.
जोडला, म्हणाली जावा. इतकंच.
सर्व्हर उठला आणि ब्राउझरने तोंड फिरवलं.
दाखला किल्लीच्या शेजारी बसला होता,
परक्या पाहुण्यासारखा.
नाव वेगळं तर नातं लागत नाही.

यादी काढली. एल्मारने किल्लीला दिलेलं नाव होतं
यॅटे, आमच्या भाषेत बर्फवाट.

पुन्हा पहिल्यापासून.
आधी मूळ, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास
आणि ज्याला कुणीच भेटलेलं नाही.
मग मधला, ज्याला मूळ ओळखतं.
मग आमचा, एल्मारच्या नावाने.
या वेळी वाक्य वेगळं आलं: उत्तर बसवलं गेलं.
ऑक्टोबरात विचारलेल्याचं.

सर्व्हर बंद केला, उठवला.
एक मिनिट काहीच नाही.
मग पत्त्याशेजारी कुलूप, तांदळाच्या दाण्याएवढं.

हेल्यूबाईंना फोन केला.
बघा, लाल गेलं.
"गेलं खरं," त्या म्हणाल्या. चष्मा लावल्याचा आवाज आला.
"कुलूप दिसतंय. पण मला सांग,
टाइवो स्वतः गेला होता ना? ड्रिल घेऊन?"
हो, म्हटलं. स्वतः.
"मग निघते सकाळी."

दिवा मालवताना लक्षात आलं,
शब्द बदलायचा राहिलाय.
बदल, असं तो स्वतःच सांगतोय
इतकी वर्षं.
उद्या.