पाटीवरची दुसरी ओळ

दौलतगंजच्या मागे निगमचा एक पार्क आहे,
त्यातलं कारंजं बंद पडून अकरा वर्षं झाली.
भोवतीची हिरवळ त्याच्या आधीच गेली;
उरलं गाजरगवत, आणि पत्ते खेळणारे.
तिथे ह्या श्रावणात आम्ही खड्डे घेतले.
आम्ही म्हणजे मी, सुलभा पागनीस, तिचा दुखरा गुडघा
आणि माळी हरदयाल कुशवाह,
ज्याला आमच्यापैकी कुणाचंच खणणं पसंत नव्हतं.
दीड फुटावर कुदळ वाजली. दगड.
ग्वाल्हेरला कुठेही खणा, किल्ला लागतो.

निगमच्या यादीत गुलमोहर होता, कोनोकार्पस होता.
सुलभाने त्या यादीच्याच पुड्या केल्या
आणि बी भरलं: शंखपुष्पी, कुर्डू, टाकळा.
"ये तो पवाँर है," हरदयाल म्हणाला, "इसे कौन बोता है?"
कट्ट्यावरचे पवारकाका हातातले पत्ते उपडे ठेवून उठले:
"कोण पेरतंय मला?"

करधई मात्र बियांवर विसंबत नाही.
शंभरांत एखादं बी खरं, बाकी नुसतं टरफल.
हरदयालने सासुरवाडीच्या बांधावरून
मुळांचे फुटवे आणले, ओल्या गोणपाटात,
बोटाएवढ्या अकरा काड्या.
शेळ्यांनी खाल्ली तरी मरत नाही म्हणे.
भुईसरपट आडवी होते,
आणि वाट बघते शेळी म्हातारी होण्याची.

पाट्या रंगवणं माझ्याकडे.
वर हिंदी नाव, खाली मराठी, ही सुलभाची अट:
आपणही आहोत ना इथे.
पळस, खैर, सलई, हिंगण भराभर झाले.
करधईपाशी ब्रश थांबला.
कोश पाहिला. पुण्याला भावाला फोन केला.
"धावड्यातलं असेल काहीतरी," तो म्हणाला,
"आमच्याकडे नाही होत ते."
आमच्याकडे, हे त्याने अगदी सहज म्हटलं.

हरदयालने विचारलं, आप लोग कब आए थे?
पणजोबांचे पणजोबा, मी म्हटलं. घोड्यावरून.
(खोटं. ते पागेत चंदीचा हिशेब लिहीत.)
तो टाचेने माती दाबत होता.
"तब तो ये यहीं थी," म्हणाला,
"इसी से बाँधा होगा घोड़ा."

आता पौष. अकरातल्या सात उभ्या आहेत,
पानांना चिंच न लावलेल्या तांब्याचा रंग.
पाटीवर वर करधई, खाली करधई.
पत्तेवाले म्हणतात, पेंटर भूल गया, दो बार लिख दिया.
एखादा ल असता, एखादा श असता,
तर आपलं वळण दाखवता आलं असतं.
ह्या शब्दात तसं एकही अक्षर नाही.

मी पुसलेली नाही.
आठवीला परवा शेळी लागली होती,
आज पाहिलं, ती आडवी होते आहे.