दोन हात

डब्यावर ब्रूस्टर उडतंय, खाली कुठेतरी आग लागलीय.
डब्यात मात्र राखाडी चौकटींना लटकलेले
एकसष्ट तुकडे, आणि एक वैमानिक,
अडीच सेंटिमीटरचा, गुडघे दुमडून बसलेला.
मेकॅनिक देत नाहीत.
कुठल्याच डब्यात देत नाहीत.

मी आधी सगळं भांड्यांच्या साबणाने धुते.
एकतीस वर्षं वार्काउसमधल्या लोकांचे दात घडवले;
साच्याचं तेल रंग धरू देत नाही
हे मला कुणी शिकवायला नको.
तीच कानस, तोच चिमटा, तेच कपाळावरचं भिंग.
फक्त हा जबडा तक्रार करत नाही.

कॉकपिटमध्ये सात घड्याळं रंगवली
चार केसांच्या ब्रशने, श्वास धरून.
मग धडाची दोन शकलं चिकटवली,
आणि आता ती सात घड्याळं
माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत.

सांधा भरला, घासला. पुन्हा दिसला. पुन्हा भरला.
नखाला लागायचा थांबेपर्यंत घासायचं.
डोळा फसतो, नख फसत नाही.

बाहेर तळं गोठतंय. तीन वाजताच दिवा लावावा लागतो.
काळा आणि हिरवा सुकायला दोन रात्री.

मग पाण्यात सोडलं ते चिन्ह.
निळं. हाकारिस्ती, आकड्यांचा क्रूस.
काही देशांत ते दाखवायची चोरी,
म्हणून कारखाना अर्धं-अर्धं छापून देतो:
दोन निरागस तुकडे,
जोडा आपापल्या जबाबदारीवर.
आमचं जुनं आहे, त्यांच्या आधीचं,
असं आम्ही पाहुण्यांना सांगतो,
जरा घाईनेच.

पंचेचाळीसच्या वसंतात वरून हुकूम आला: चिन्ह बदला.
वडील तेव्हा सत्तावीस वर्षांचे. शिडी, डबा,
चार बोटं रुंद ब्रश.
युद्धाबद्दल विल्यो यांनी उभ्या जन्मात
मला दोनच वाक्यं सांगितली,
तीही कुंपण रंगवताना, माझ्याकडे न बघता:
"दोन हात दिले होते.
तिरप्या उन्हात तरी दिसायचंच."

म्हणून मी तयार पांढरं-निळं वर्तुळ
सरळ लावून मोकळी होत नाही.
आधी ते अर्धं-अर्धं जुळवते. चाळीस मिनिटं.
एक बुडबुडा नाही, एक कड उचललेली नाही,
इतकं नीट मी लग्नात पदरही लावला नव्हता, म्हणजे ओढणी,
म्हणजे ती जाळीची, जी शेवटी ओल्या गवतात पडली.
सुकू देते.
आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रंग फिरवते.
फवाऱ्याने नाही, ब्रशने,
आणि जरा वेगळ्या हिरव्याने. त्या वर्षी
जो डबा मिळाला तो मिळाला असणार.

पहिला हात.
हीटरचं माप घ्यायला आलेला ओस्मो दारातून म्हणाला,
"झाकायचंच होतं तर लावलं कशाला?"
मी काही बोलले नाही. ब्रश ओला होता.

दुसरा हात.
वर्तुळ वर बसलं. छान बसलं.
दिवा तिरपा केला
की चारही आकडे कातडीखालच्या शिरांसारखे वर येतात.
सरळ केला की नाही.

शेवटी पंखाच्या मुळाशी, जिथे पाय देऊन चढतात,
चंदेरी पेन्सिलीने रंग झिजवला.
बराच झिजवला.
वैमानिक दिवसातून दोनदा चढणार, फार तर तीनदा.
एवढी झीज त्याची नव्हे.
हे बूट बेचाळीस नंबरचे,
बहात्तर पट लहान केलेले.

वैमानिक चौकटीवरच राहिला.
विमान उलट्या कपावर सुकतंय.
मी नळाखाली हात धरते. नखाच्या कडेला हिरवा आहे;
दोन्हींपैकी कुठला,
आता सांगता येत नाही.