एक अष्टमांश सेकंद

वर्गणी काढून आम्ही त्यांना कॅमेराच दिला.
खोक्यावरची किमतीची चिठ्ठी
तब्बसुम सिस्टरनं नखानं खरवडली, अर्धी राहिली.
आणि समारंभ सुरू व्हायच्या आतच
शांतवन काकांनी खोकं फोडलं,
चष्मा कपाळावर सरकवला,
माहितीपुस्तक तसंच प्लास्टिकमध्ये ठेवून
चाकावर अंगठा फिरवू लागले.

मिरजेत, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत
दोन ट्यूबलाइट, त्यातली एक लुकलुकती.
फुगे, भडंगाच्या पुड्या,
केकवर नाव चुकलेलं : शांताराम.
पहिला फोटो मी काढला, कॅमेऱ्याच्याच मर्जीनं.
फ्लॅश उडाला.
पुढची रांग पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी,
मागं ना भिंत, ना फुगे, नुसता काळोख
आणि मानपत्राच्या काचेत एक पांढरं भोक.

काकांनी पाहिलं.
"एवढा डोस देत्यात व्हय जवळनं?
बंद कर तो. हाय त्या उजेडात भागव."

आयएसओ आठशेवर नेला.
"रवा दिसंल जरा, दिसू दे.
सोळाशे केलं तर सांजाच हुईल."
झूम करू दिलं नाही.
"लांबनं ओढलं की भिंग कमी उजेड पितंय.
चार पावलं पुढं जा, पाय कशाला दिल्यात?"
रंगांच्या यादीत ट्यूबची खूण निवडली
तसा डॉक्टर मगदूमांच्या गालांवरचा शेवाळी रंग उतरला;
त्यांनाच हायसं वाटलं.

मी हे सगळं लिहून घेत होते,
केकच्या पावतीच्या पाठीमागं.
एक्स-रेच्या खोलीत अकरा वर्षं तेच केलं :
छातीला इतकं, मणक्याला इतकं,
तान्ह्याला किती ते तान्ह्याकडं बघून.

"आता शटर हळू पडंल," म्हणाले,
"एक अष्टमांश सेकंद.
हात कापला तर एकाचे दोन शांतवन दिसतील,
आणि पेन्शन एकालाच हाय."
स्टँड नव्हता.
टेबलावर केकचं रिकामं खोकं,
त्यावर जुन्या फिल्मची जाड पिवळी पाकिटं,
त्यावर कॅमेरा,
पुढून जरा खाली बघत होता म्हणून
घडी घातलेला कागदी रुमाल.
हुबळीकडची गाडी गेली, ढीग थरथरला.
शेवटचा डबा जाईपर्यंत कुणी बोललं नाही.

"काका, तुम्ही मधल्या खुर्चीत."
"मग दाबणार कोण?"
"तोच दाबतो. दहा सेकंदांनी."
त्या यंत्रातलं तेवढंच एक
मला त्यांच्या आधी सापडलं होतं.

बटण अर्धं दाबून धरलं त्यांनी,
हिरवी चौकट मेट्रनबाईंच्या कपाळावर जाऊन बसली.
मग पूर्ण.
पळाले नाहीत, गुडघा तसा नाही राहिला.
चालत आले, हार सावरून बसले.
लाल दिवा भराभर मिचकू लागला
आणि काका सवयीनं,
शिशाच्या पडद्यामागून म्हणत तसंच, म्हणाले,

"श्वास घ्या.
रोखा."

रोखला.
सर्जननं, सिस्टरनं, मेट्रनबाईंनी,
वॉर्डबॉय मुरग्याप्पानं आणि त्याच्या नातीनं,
जिला फक्त केकशी मतलब होता.

फोटो नीट आलाय.
मागची भिंत आहे, फुग्यांच्या गाठीसुद्धा मोजता येतात.
मधल्या खुर्चीत हार स्पष्ट, चष्मा स्पष्ट,
सकाळी दाढी करताना हनुवटीवर कापलेलं तेही.
ओठांच्या जागी तेवढं थोडं धुकं.
एवढ्या माणसांत हलले ते एकटेच.

पण ते नंतर पाहिलं.
तेव्हा कॅमेरा वाजून गेला
आणि आम्ही तसेच उभे, छात्या भरून,
कारण "सोडा" म्हणायचं काका विसरले होते,
नाहीतर म्हणणार नव्हते.

शेवटी मुरग्याप्पाला खोकला आला.